सुवार्ताबाईंची मूठ

त्या रविवारी देवळाचं दार उघडलं नाही. कडीला कुलूप होतं. कुलपावरून साखळी होती. साखळीला आणखी एक कुलूप होतं. नऊ वाजता माणसं आली, उभी राहिली आणि घरी गेली.

मी त्या माणसांपैकी नव्हतो. आमच्याकडची ख्रिस्ती मंडळी आपल्या चर्चला देऊळच म्हणतात, आणि माझं घर त्या देवळासमोर, रस्त्याच्या पलीकडे. आमच्या घरी बुद्धवंदना होते. रविवारी पेपर वाचताना खिडकीतून त्यांचं गाणं ऐकू यायचं, एवढाच माझा संबंध. त्या दिवशी गाणं आलं नाही म्हणून मी बाहेर पाहिलं. सगळे गेल्यावर पायरीवर एक बाई उरल्या होत्या. अंगावर पांढरं लुगडं, मांडीवर ॲल्युमिनियमचा डबा. बाजारात दोन वांगी हातात घेऊन कोणतं किडकं हे बघावं, तशा त्या दोन्ही कुलपांकडे बघत होत्या. मग हसायला लागल्या. एकट्याच, खांदे हलेपर्यंत.

त्या सुवार्ताबाई. त्यांना जाऊन आता सात महिने झाले. मी हळू लिहिणारा माणूस आहे, आणि त्यांच्याबद्दल लिहायचं तर आणखी हळू लिहावं लागतं, कारण मधेच हसू येतं आणि मग लिहिणं राहून जातं.

आमचं गाव तेलंगणात, आदिलाबादकडच्या बेला मंडलात, म्हणजे तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीपासून जवळ. सरकारी शाळा मराठी माध्यमाची. मी तिथे शिकवतो आणि सुवार्ताबाई तिथे मुलांचं जेवण रांधायच्या. मी रुजू झालो त्याच्या आधीपासून त्या होत्या. गावातला पस्तिशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांच्या हातचा डाळभात खाऊन वाढलेला. त्यामुळे त्यांना कोणाचीच भीती वाटायची नाही. मिशा वाढवलेला एखादा पुढारी मोटरसायकल फुरफुरवत समोर आला, की त्या म्हणायच्या, "हळू रे लेका. अंडं सोलता येत नव्हतं तुले, रडत होता."

त्या प्रार्थना डोळे उघडे ठेवून करायच्या. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "डोळे मिटले की भात लागते, सर." देवाशी त्या फार थोडक्यात बोलत. किराणा दुकानात उभं राहून ओळखीच्या दुकानदाराला सांगावं, तसं. "रेणुकेच्या पोराचा ताप उतरव. आजच. उद्या तिले कापसाच्या कामावर जायचं हाय." बस. मग झाकण ठेवायच्या.

चुलीजवळ घड्याळ नव्हतं. वेळ त्या देवळातल्या गाण्यांवर मोजायच्या. अंड्यांना तीन गाणी, डाळीला सात. आवाज जाडाभरडा होता आणि सूर कधी लागला असेल असं वाटत नाही, पण चाल मात्र पक्की, कारण चाल चुकली तर अंडी कच्ची राहणार. एकदा मंडलाचे शिक्षणाधिकारी तपासणीला आले. त्यांनी वही उघडून विचारलं, "अंडी किती वेळ उकडता?" बाई म्हणाल्या, "तीन गाणे." अधिकारी गोंधळले. "कोणती गाणी?" हा प्रश्न विचारायला नको होता. बाईंनी पदर खोचला आणि तिन्ही गाणी सगळ्या कडव्यांसकट म्हणून दाखवली. अधिकारी उभेच होते. शेवटचं कडवं संपल्यावर त्यांनी दोन अंडी खाल्ली, शेरा लिहिला, 'अंडी व्यवस्थित', आणि निघून गेले.

आता त्या मांडीवरच्या डब्याबद्दल.

त्यांच्या मंडळीत एक जुनी रीत आहे. घरातली बाई स्वयंपाकाला धान्य मोजून घेते, मग त्यातून एक मूठ परत काढते आणि वेगळ्या मडक्यात टाकते. मूठ मिटताना कोणाचं तरी नाव घ्यायचं. आजारी असलेल्याचं, रुसलेल्याचं, परगावी असलेल्याचं. त्या माणसासाठी ती मूठ. दर शनिवारी कोणीतरी घरोघर जाऊन ही मडकी रिकामी करतं, आणि ते धान्य पाळकांच्या, म्हणजे पाद्र्यांच्या, घरी किंवा गावातल्या अडल्यानडल्याकडे जातं. हे घरोघर जाणं सुवार्ताबाईंकडे होतं. लोकांना वाटायचं त्या धान्य गोळा करतात. खरं तर त्या नावं गोळा करायच्या. "या हप्त्यात कोनाचं नाव घेतलं वं?" असं विचारत त्या दारात टेकायच्या, आणि उठेपर्यंत त्या घरातलं सगळं त्यांना कळलेलं असायचं.

भांडण झालं ते नाताळात, माईकवरून. देवळात जुनी घरं मराठी. त्यांच्या आजोबांनी दगड वाहून भिंती उभ्या केल्या. नंतर नोकरीधंद्यानं आलेली घरं तेलुगू. त्यांनी वर्गणी काढून पत्रे टाकले. इतकी वर्षं दोन्ही भाषांत थोडं थोडं चालायचं. त्या नाताळात आधी कोणत्या भाषेतलं गाणं, यावरून माईक ओढला गेला, आणि माईकचा दांडा मोडला. "भिंती आमच्या," एक बाजू म्हणाली. "छप्पर आमचं," दुसरी म्हणाली. पाळक दुसऱ्या गावाहून महिन्यातून दोनदा यायचे. मऊ माणूस. ते म्हणाले, "तुमचं ठरलं की मला कळवा," आणि यायचे थांबले.

मराठी बाजूला पुढे होता बेंजामिन. त्याची पिठाची गिरणी. तेलुगू बाजूला रत्नम, वीज खात्यातला लाईनमन. दोघंही चाळिशीच्या पुढचे, दोघंही तापट, आणि दोघंही एरवी भले. रत्नमच्या लोकांनी रविवारी पहाटे वेगळी उपासना ठरवली आहे असं बेंजामिनच्या कानावर आलं, म्हणून त्यानं शनिवारी संध्याकाळी दाराला कुलूप घातलं. तासाभरानं रत्नम आला, कुलूप पाहिलं, आणि बेंजामिनलाही आत जाता येऊ नये म्हणून वरून साखळी गुंडाळून आपलं कुलूप लावलं. झालं. आता एकाची किल्ली दुसऱ्याच्या किल्लीशिवाय कुचकामी.

पायरीवर बसून बाई हसत होत्या ते याच्यावर. मी रस्ता ओलांडून गेलो, तेव्हा म्हणाल्या, "पायलं का सर? एकानं लावलं असतं तर एकानं उघडलं असतं. आता दोघायले संगंच यावं लागते. चांगलंच केलं, बापा."

मी विचारलं, "आणि आले नाहीत तर?"

त्यांचं हसू तिथं थांबलं. डब्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "मले या देवळात बसायचं हाय, सर. समद्यायच्या संगं. येवढंच हाय माझं मागनं. दुसरं काई नाई."

त्या एकट्याच होत्या. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही, एक भाऊ भीमपूरकडे शेती करणारा. त्या देवळातच त्यांचा बाप्तिस्मा, तिथेच लग्न. दुसरं मागणं नव्हतं, हे खरं होतं.

पुढच्या रविवारपासून मराठी मंडळी बेंजामिनच्या गिरणीच्या अंगणात बसू लागली आणि तेलुगू मंडळी रत्नमच्या क्वार्टरात. सुवार्ताबाई कोणत्या बाजूच्या, हा प्रश्न होता. त्या सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे जाऊ लागल्या. बेंजामिन चिडला. "मावशी, तुमी तिकडं काऊन जाता?"

"देवाले मी दोनदा भेटतो, तुमी एकदाच. तुले काऊन जळते?"

गिरणीत गेल्या की सांगायच्या, "तिकडं तुमच्यासाठी प्रार्थना केली." क्वार्टरात गेल्या की सांगायच्या, "गिरणीत तुमच्यासाठी प्रार्थना झाली." दोन्हीकडची माणसं गोंधळून एकमेकांकडे बघायची. मी शाळेत म्हटलं, "बाई, खोटं बोलता का?"

"खोटं कायचं? केली ना प्रार्थना. मीच केली. मी तिकडंच होती ना."

शनिवारची फेरीही चालूच राहिली. लोकांना वाटलं होतं की देऊळ बंद म्हणजे मूठही बंद. पहिल्याच शनिवारी त्या डबा घेऊन दारात उभ्या. "देवळाले कुलूप हाय, चुलीले नाई," म्हणाल्या. दोन्हीकडच्या बायकांनी मडकी पुढे केली. मराठी घरांतून ज्वारी आली, तेलुगू घरांतून तांदूळ. पूर्वी त्या दोन्ही वेगळं ठेवायच्या. आता मुद्दाम एकाच पिपात ओतायला लागल्या. पीप शाळेच्या कोठीत, कारण माझा पक्ष कोणताच नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "तुमी देव मानत नाई, तं तुमचा भरवसा हाय," असं त्यांनी मला सांगितलं होतं. हे कौतुक होतं की टोमणा, ते मला आजही कळलेलं नाही.

बेंजामिनला पिपाची खबर लागली. तो शाळेत आला. "मावशी, आमची ज्वारी त्यायच्या तांदळात काऊन टाकली?"

"निवडून घे बापा," बाई म्हणाल्या आणि त्याच्यापुढे सूप ठेवलं. "बस इथं सावलीत."

आणि तो खरोखर बसला. पाव तास त्यानं ज्वारी वेगळी केली. सातवीतली मुलं खिडकीतून बघत होती. शेवटी उठला, हात झटकले आणि निघून गेला. त्यानं निवडलेली ओंजळभर ज्वारी बाईंनी परत पिपात टाकली.

मार्चमध्ये कोरोना आला आणि सगळंच बंद झालं. शाळा, बाजार, गाड्या. बाईंनी मला रस्त्यावरून हाक मारली, "बगा सर, सरकारनं आमची नक्कल केली. समद्या देशालेच कुलूप लावलं!"

एप्रिलच्या एका दुपारी हद्दीवरच्या पोलिसांनी काही माणसं आमच्या शाळेत आणून बसवली. चंद्रपूरकडची माणसं होती, तेलंगणाच्या खालच्या भागात मिरची तोडायला गेलेली. काम बंद पडलं म्हणून चालत घरी निघाली होती. चाळीसेक माणसं, त्यात लहान मुलं. पायांना फडकी बांधलेली. सरकारी तांदूळ दोन दिवसांनी येणार होता. सरपंचानं सुवार्ताबाईंना बोलावलं. त्यांनी कोठी उघडली. पिपात तीन महिन्यांच्या मुठी होत्या. पाळक येत नव्हते, म्हणून त्या तशाच साठलेल्या.

पण तांदूळ आणि ज्वारी एकत्र शिजत नाहीत. "तांदूळ गळून जाते, ज्वारी दाताखाली राह्यते," बाई स्वतःशीच बोलत होत्या. थोडा वेळ त्या पिपाजवळ उकिडव्या बसल्या. मग म्हणाल्या, "दळायचं. आन धिरडे टाकायचे."

दळायला गिरणी बेंजामिनची. आणि आदल्या रात्रीच्या वादळानं त्या भागातली वीज गेलेली. वीज आणायची तर रत्नम. बाईंनी दोघांना वेगवेगळे निरोप धाडले, आणि एकाच्या निरोपात दुसऱ्याचं नाव घेतलं नाही.

मजुरांची यादी लिहून मी पीठ आणायला गिरणीत गेलो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांसमोर झालं. रत्नम समोरच्या खांबावर चढलेला. बेंजामिन गिरणीच्या दारात. दोघांच्या मधे रस्त्यात धान्याच्या पोत्यावर सुवार्ताबाई.

बेंजामिन म्हणाला, "मावशी, त्याले सांगा, करंट कमी येऊन राह्यला."

खांबावरून आवाज आला, "मावशी, उनको बोलो, मोटर बंद करके फिर चालू करने का."

बाईंनी कानाला हात लावला. "मले आयकू येत नाई बापा."

"मावशी, मोटर!" वरून रत्नम ओरडला.

"कानात पीठ गेलं रे. तुमीच बोला काय ते."

गिरणी अजून सुरूच झालेली नव्हती. पीठ कुठून जाणार? पण दोघांच्या ते लक्षात आलं नाही. तीन महिन्यांनी त्या दोन माणसांमध्ये पहिला शब्द बोलला गेला तो होता, "स्विच!" मग, "अरे कोणता स्विच?" "लाल वाला!" "लालच दाबून राह्यलो ना, दिसत नाई का?" "पूरा दबाओ!" मोटर सुरू झाली. दोघांनी एकदमच "हां!" म्हटलं, आणि एकमेकांकडे पाहिलं, आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. बाई पोत्यावर बसून हातावरची धूळ झटकत होत्या. अगदी निरागस.

संध्याकाळपर्यंत शाळेच्या आवारात चार चुली पेटल्या. दोन मराठी बायकांच्या, दोन तेलुगू. मराठी बाया धिरडी म्हणत होत्या, तेलुगू बाया अट्टु म्हणत होत्या, आणि रत्नमच्या बायकोनं केलेल्या चटणीनं मिरची तोडणाऱ्या माणसांच्याही डोळ्यांत पाणी आलं. एक मजूर म्हणाला, "आमीच तोडली असन ही मिरची." सगळे हसले. कित्येक दिवसांनी ती माणसं हसत असावीत. एका लहान मुलीनं बाईंना विचारलं, "आजी, हे कोनी पाठवलं?" बाईंनी चुलींकडे एक एक बोट दाखवत सगळ्या बायकांची नावं सांगितली. देवाचं नाव घेतलं नाही. मी नंतर विचारलं, तर म्हणाल्या, "त्याले मालूम हाय."

मला वाटलं होतं, आता दार उघडेल. उघडलं नाही. आधी गर्दीला बंदी होती. बंदी उठली तेव्हा अडसर दुसराच झाला. दोघंही उघडायला तयार होते, पण दुसऱ्यानं आधी विचारावं, असं दोघांनाही वाटत होतं. पावसाळा गेला. साखळीला गंज चढला.

त्याच पावसाळ्यात, पोळ्याच्या सुमारास, बाईंचा भाऊ गेला. कोरोनानंच. माती द्यायला चौघांनाच परवानगी होती आणि बाई त्यांच्यात नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत आल्या. शाळा बंदच होती, मी कागदपत्रांसाठी आलो होतो. त्या कोठीत पिपाजवळ बसल्या. बराच वेळ झाला म्हणून मी डोकावलो. त्यांनी पिपात हात घातला, मूठ भरली, वर काढली, आणि बोटांतून दाणे परत गळून गेले. पुन्हा तसंच.

"सर," त्या म्हणाल्या, "आज मूठ मिटून नाई राह्यली."

मी पुस्तकं पुष्कळ वाचली आहेत. त्यातलं एकही वाक्य तिथे कामाचं नव्हतं. मी दाराशी खाली बसलो.

"तीस वर्षं त्याचं नाव घेत होती मी," त्या म्हणाल्या. "आता कोनासाठी घेऊ? गेलेल्यासाठी आमच्यात घेत नाई."

बाहेर शेळ्या ओरडत होत्या. त्यांनी नाक पुसलं, पुन्हा हात घातला आणि भावजयीचं नाव घेतलं. मूठ मिटली. मग, माझ्याकडे न बघता, "हे दुसरी तुमच्यासाठी. बसले होते म्हणून." मी त्यांना कधीच सांगितलं नाही, पण त्या दिवसांत माझ्याही घरी आजार होता आणि मी घाबरलेला होतो.

त्यांनी मला देवळात या, असं कधी म्हटलं नाही. पुढे एकदा मीच गमतीनं विचारलं, "बाई, इतकी वर्षं ओळख, कधी बोलावलं नाही?" त्या म्हणाल्या, "तुमी समोरच राह्यता. रस्ता तुमाले मालूम हाय."

डिसेंबरमध्ये बाईंना दम लागू लागला. आदिलाबादच्या डॉक्टरनं सांगितलं, हृदय मोठं झालं आहे, जपा. बाई परत आल्या आणि गावभर सांगत सुटल्या, "डाक्टर म्हनते, माझं दिल मोठं हाय. मशीनवर दिसलं त्याले!" पण बातमीचा खरा अर्थ दोन्ही बाजूंना कळला. जानेवारीत एके दिवशी बेंजामिन माझ्याकडे आला. खाली बघत म्हणाला, "सर, मावशीचं काई सांगता येत नाई. तसं काई झालं, तं आमी देऊळ उघडू. तिची शेवटची इच्छा म्हनून. रत्नमचं बी असंच म्हननं हाय. तुमी दोघायच्या मधात राहून तेवढं जमवून घ्या."

माझ्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते उघडलं. बाहेर सुवार्ताबाई उभ्या होत्या, शनिवारचा डबा घेऊन.

मी त्यांना रागावलेलं तेव्हाच पाहिलं. आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"म्हंजे मी मरायची वाट पाहून राह्यला तू?"

"तसं नाई, मावशी..."

"तसंच हाय. मले पेटीत घालून न्यायचं, दोघं गळ्यात पडून रडायचं, फोटो काढायचे. आन लोकं म्हनतील, पहा, म्हातारीनं मरून दोघायले एक केलं. मी नाई मरत तुमच्या सोयीनं! मले जितेपनी बसायचं हाय तिथं. गानं म्हनायचं हाय, कोन चुकते ते पहायचं हाय. मेल्यावर मले ते देऊळ कायले पायजे? मंग मी मोठ्या देवळात असन."

त्या वळल्या. दोन पावलं गेल्या, पुन्हा आल्या. "रत्नमले बी सांग. आन दार उघडलं नाई, तं मी मेल्यावर मले तिथं न्यायचं नाई. शाळेच्या कोठीतून न्यायचं. पिपाजवळून. सर, तुमी साक्षी."

मी साक्षी होतो. बेंजामिन लालबुंद होऊन उठला आणि सरळ रत्नमच्या क्वार्टराकडे गेला. त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

पुढच्या शनिवारी दुपारी दोघं देवळाच्या दाराशी आले. आपापल्या किल्ल्या घेऊन. मी खिडकीत होतो. बाई पायरीवर. आधी रत्नमनं किल्ली घातली. फिरेना. गोडं तेल घातलं. फिरेना. बेंजामिन हसला, "हलकं कुलूप आनलं होतं वाटते." मग त्याला वाटलं साखळीच्या आतून हात घालून आपलं कुलूप तरी मोकळं करावं. तेही फिरेना. रत्नम हसला, "आपका तो भारी था ना?" एक अख्खा पावसाळा दोन्ही कुलपांनी सारखाच खाल्ला होता. शेवटी रत्नमनं खात्याच्या पिशवीतून करवत काढली. एकानं कुलूप धरायचं, एकानं कापायचं. दोघंही आपापलं कुलूप कापायला तयार होईनात, ते चांगल्या पैशाचं होतं. बाई म्हणाल्या, "मंग एकमेकाचं कापा." आणि तसंच झालं. बेंजामिननं रत्नमचं कापलं, रत्नमनं बेंजामिनचं. घाम गाळत, एकमेकांना "हळू", "वाकडं जाते", "हाथ हटाओ" म्हणत.

दार उघडलं. आत अंधार, पाकोळ्यांची घाण, वाळवीनं खाल्लेली एक सतरंजी. आता बाई गुडघे टेकतील, असं मला वाटलं. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "झाडू आना."

दुसऱ्या दिवशी उपासना. आधी कोणती भाषा, हा प्रश्न जिथल्या तिथे होता. निरोप मिळताच आलेल्या पाळकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी निवाडा केला. तेलुगू मंडळींनी मराठी गाणं म्हणायचं आणि मराठी मंडळींनी तेलुगू. "समदेच चुकतील," त्या म्हणाल्या, "मंग भांडाल कोनाशी?"

त्या दिवशी मी पेपर बाजूला ठेवून खिडकीत उभा राहून ऐकलं. इतकं वाईट गाणं मी आयुष्यात ऐकलेलं नाही. बेंजामिनचं तेलुगू ऐकून तेलुगू बायका पदरात तोंड घालून हसत होत्या. रत्नम मराठी कडव्यात मधेच थांबायचा, शेजारी बघायचा आणि भलत्याच जागी पुन्हा सुरू करायचा. आणि त्या सगळ्याच्या वर एक जाडाभरडा आवाज, चाल न सोडता, अंडी उकडल्यासारखा.

त्यानंतर बाई चार वर्षं जगल्या. डॉक्टरला आश्चर्य वाटलं. त्यांना नाही. दर रविवारी त्या तिथे बसायच्या, सगळ्यांबरोबर, आणि घरी जाताना माझ्या खिडकीशी थांबून आज कोण कुठे चुकलं ते सांगायच्या.

शेवटचं मी त्यांना पाहिलं ते एका बुधवारी सकाळी. रात्रभर दम लागला होता. ॲम्ब्युलन्सला वेळ होता म्हणून रत्नमनं बेंजामिनच्या पुतण्याची रिक्षा मागवली होती. बाई आत टेकून बसलेल्या, दोन्ही बाजूंना दोघं त्यांना सावरून. चेहरा पांढराफटक होता. शाळेच्या फाटकाशी रिक्षा हळू झाली. मी पुढे गेलो. त्यांनी हात वर केला, श्वास गोळा केला आणि म्हणाल्या, "सर, आज अंडे हायेत. नवीन पोरगी हाय चुलीवर, तिले गानं येत नाई. तुमी घड्याळ घेऊन उभे राहा." मग रत्नमला कोपर मारलं. "चल रे. का इथंच उपासना लावतो?" रिक्षा वळली. दोघं एकदम काहीतरी बोलले आणि आतून बाईंचं हसू ऐकू आलं. चौथ्या दिवशी आदिलाबादच्या दवाखान्यातच त्यांनी प्राण सोडला. त्यांना देवळातून नेलं, सगळ्यांनी मिळून.

रत्नम आणि बेंजामिन आजही भांडतात. पत्र्यावरून, रंगावरून, पाळकांच्या जेवणावरून. समोरासमोर भांडतात, आणि उपासनेची वेळ झाली की उठून आत जातात.